रेंज फुल्ल, नेट ठप्प

यात्रेच्या गर्दीत फोन काढून पाहावा, तर रेंजच्या सगळ्या कांड्या उभ्या. पण पाठवलेल्या मेसेजपुढचे घड्याळ काही हलत नाही. लोक म्हणतात, ‘रेंज आहे पण नेट नाही.’ तांत्रिकदृष्ट्या हे वाक्य अगदी नेमके आहे. ऐकणारे मात्र त्याचा अर्थ ‘रेंज नाही’ असाच लावतात आणि उत्तरही ठरलेले असते : टॉवर वाढवू. २०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाच्या तयारीतही हेच उत्तर सर्वांत सोपे वाटणार, कारण टॉवर दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते आणि त्याची संख्या पत्रकात छापता येते. टॉवर लागतीलच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो डेटा अडतो कुठे आणि का, हे न विचारता खर्च करण्याबद्दल.

फोनमधून निघालेला डेटा तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे पॅकेटच्या रूपात जातो. पॅकेट पोचले नाही तर कारण दोनपैकी एक असते. एक तर दुवा तुटला : माणूस हलला, मध्ये भिंत आली, सिग्नल विरला. नाही तर दुवा धड आहे, पण त्यावर गर्दी झाली. लक्षण एकच, औषधे मात्र एकमेकांच्या उलट. दुवा तुटला असेल तर लगेच पुन्हा पाठवावे, दुसरी वाट धरावी. गर्दी असेल तर हात आखडता घ्यावा. औषधांची अदलाबदल झाली की रोग बळावतो, आणि मोबाइल नेटवर्कचा निम्मा इतिहास या अदलाबदलीचाच आहे.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. तार शाबूत होती. पोच येईना म्हणून प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि रस्ता त्या नकलांनीच भरून गेला होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये टीसीपीसाठी, म्हणजे डेटा पाठवण्याच्या नियमावलीसाठी, मांडलेला उपाय आजही प्रत्येक फोनमध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात आहे : पॅकेट हरवले की गर्दी आहे असे समज आणि वेग कमी कर.

तारेवर हे गृहीतक बव्हंशी खरे ठरते. हवेत पॅकेट गर्दीवाचूनही हरवते, मग फोन विनाकारण हात आखडतो. म्हणून ४जी रचणाऱ्यांनी हवेतली गळती टॉवरपाशीच बुजवली. तुकडा बिघडला तर टॉवर आणि फोन साधारण ८ मिलिसेकंदांत तो पुन्हा पाठवतात, वरच्या थराला, म्हणजे वेग ठरवणाऱ्या टीसीपीला, त्याची कुणकुणही लागत नाही. जोडीला मोठे बफर दिले, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायची जागा. गळती गेली, पण तिच्याबरोबर गर्दीची एकमेव खूणही गेली. आता पॅकेट हरवत नाही, नुसते रांगेत उभे राहते. हिशेब सोपा आहे. १ एमबीचा, म्हणजे ८ मेगाबिटांचा, बफर भरला आणि वाट्याला सेकंदाला १ मेगाबिट वेग आला, तर शेवटच्या पॅकेटला ८ सेकंद लागणार. वेग निम्मा झाला तर १६. तेवढ्यात पेमेंटच्या अॅपचा धीर सुटतो, ते पुन्हा विनंती पाठवते, ग्राहकही पुन्हा बटण दाबतो आणि रांगेत आधीच उभ्या असलेल्या विनंतीमागे तिची नक्कल येऊन उभी राहते. १९८६ चीच गोष्ट, फक्त माणसाच्या अंगठ्याने.

ही रांग कुठे असते, हे नीट पाहायला हवे, कारण ती एका ठिकाणी नसते.

पहिली रांग फोनच्याच आत असते. घाटावरून काढलेला मिनिटभराचा एचडी व्हिडिओ मूळ दर्जात १०० एमबीच्या आसपास भरतो. गर्दीत अपलोडला सेकंदाला २०० किलोबिट मिळाले, तर तो जायला तासाहून जास्त वेळ लागेल. फोटो-बॅकअप चालू असेल तर मालकाला पत्ताही नसतो. त्याचे २-३ केबीचे पेमेंट त्याच्याच व्हिडिओच्या शेपटाला उभे असते. यावर टॉवर वाढवून उपयोग नाही. बॅकअप वायफायवर येईपर्यंत बंद ठेवा, हे सांगणारा फलक टॉवरपेक्षा स्वस्त आहे आणि अशा वेळी जास्त उपयोगी.

दुसरी रांग दारात असते. फोन काही सेकंद, साधारण दहाएक, गप्प राहिला की नेटवर्क त्याची जोडणी सोडवते. पुन्हा काही पाठवायचे तर फोनने आधी दार ठोठवायचे. त्यासाठी एका सेलमध्ये, म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाच्या टापूत, ६४ खुणा असतात, त्यांतल्या काही राखीव. प्रत्येक फोन उरलेल्यांतली एक यदृच्छेने उचलतो. दोघांनी एकच उचलली तर टक्कर होते, दोघेही थोडे थांबून पुन्हा ठोठावतात. हजारो खिशांतले हजारो फोन ‘नवा मेसेज आला का’ एवढेच विचारायला दार वाजवत राहिले, तर आत जागा असूनही कुणी आत जाऊ शकत नाही. खंडित सेवा सुरू झाल्याच्या क्षणी हे सर्वांत वाईट होते, कारण सगळे एकदमच ठोठावतात. अफवा रोखण्यासाठी काही तास नेट बंद ठेवून मग एका झटक्यात चालू करणाऱ्या प्रशासनाने हा भाग जरूर समजून घ्यावा.

तिसरी रांग टॉवरमध्ये असते. ४जीच्या २० मेगाहर्ट्‌झच्या सेलमध्ये दर मिलिसेकंदाला १०० खंड, म्हणजे डेटा भरायचे कप्पे, वाटायला असतात. दोन-दोन अँटेनांवर कागदावरचा कमाल वेग सेकंदाला १५० मेगाबिट. गर्दीत, शेजारच्या सेलचा गोंगाट धरून, ३० ते ४० मिळाले तरी चांगले म्हणायचे. आता घाटावर चौरस मीटरला दोन माणसे धरा. शंभर मीटर बाय शंभर मीटरच्या पट्ट्यात २० हजार झाली. त्यांतली दहातली एक जरी त्या कंपनीच्या त्या सेलवर एका वेळी काही करत असली तरी दोन हजार. प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला १५ ते २० किलोबिट. मेसेज जाईल, कसाबसा आवाजही जाईल, व्हिडिओ कॉल जाणार नाही. त्यातही ज्याचा सिग्नल कमकुवत त्याला तेवढ्याच डेटासाठी जास्त खंड लागतात, म्हणजे कोपऱ्यातला एक जण मधल्या चौघांचा वाटा खाऊ शकतो.

मग सेल वाढवावेत ना? वाढवावेत, पण कसे ते महत्त्वाचे. उघड्या मैदानात उंच खांबावर आणखी एक अँटेना चढवली की ती शेजारच्या सेलमध्येही ऐकू येते. कांड्या वाढतात, सिग्नलची शुद्धता घटते. ‘रेंज फुल्ल, नेट ठप्प’ याचे हेच एक कारण. गर्दीसाठी उपाय उलटा असतो : अँटेना खाली आणायची, खाली झुकवायची, झोत अरुंद करायचा, पॉवर कमी ठेवायची. रामकुंडाच्या खोलगट घाटावर इमारतींच्या आडोशाने हे जमू शकते. त्र्यंबकला कुशावर्ताभोवतालची दाट वस्ती आणि मागे ब्रह्मगिरीची भिंत असल्याने गणित वेगळे आहे. तिथे उंचावरचा एक बेशिस्त सेल साऱ्या गावाचा गोंगाट करील. शिवाय सगळी चर्चा डाउनलोडच्या वेगाची होते, आणि यात्रेत आधी मान टाकतो तो अपलोड. टॉवर दहाच्या पटीतल्या वॅटांत बोलतो, फोन कमाल २०० मिलिवॅटमध्ये. शाहीस्नानाचे थेट प्रक्षेपण करणारे हजार फोन त्या चिमुकल्या आवाजात एकमेकांवर ओरडत असतात. ५जी आले की प्रश्न मिटेल, असे म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून आलेल्या ५जीचा मुख्य पट्टा ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा आहे, आणि त्यात एकच लहर आलटून-पालटून दोन्ही दिशांना वापरतात. बहुतेक वेळ डाउनलोडला दिलेला असतो.

चौथी रांग टॉवरच्या पाठीमागे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तीच. टॉवरपासून पुढे डेटा फायबरने जातो किंवा मायक्रोवेव्हच्या ताटलीने. तात्पुरते, चाकांवर आणलेले टॉवर बहुधा ताटलीवरच भागवतात. नाशिकची स्नाने पावसाळ्यात येतात. पाऊस जोराचा झाला की ताटलीचा सिग्नल खाली येतो. ७०-८० गिगाहर्ट्‌झचा पट्टा असेल तर फारच. दुवा तुटू नये म्हणून उपकरण आपणहून सावध भाषेत बोलू लागते, एका चिन्हामागे ८ बिट पाठवणारे २ बिटांवर येते. दुवा टिकतो, क्षमता चौथाई होते.

इथे राउटिंगचा, म्हणजे डेटाने कोणत्या वाटेने जायचे हे ठरवण्याच्या पद्धतीचा, मूळ दोष उघडा पडतो. नेहमीचे राउटिंग दुवा चालू आहे की बंद एवढेच बघते. मार्गाची किंमत कुणीतरी बसवून दिलेल्या क्षमतेवरून ठरवलेली असते. पावसात ती क्षमता चौथाई झाली तरी किंमत तीच राहते, आणि शेजारी फायबरची मोकळी वाट असताना सगळा डेटा भिजलेल्या ताटलीकडेच जात राहतो. ताटलीने आपली बदललेली क्षमता राउटरला कळवावी, यासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या वाय.१७३१ या मानकात सोय आहे. ती चालू आहे का, हा प्रश्न निविदेत एका ओळीचा आहे.

यावर कुणी म्हणेल, मग गर्दी मोजून मार्ग बदलणारे राउटिंगच सरसकट वापरा. हेही करून झाले आहे. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर १९७९ पासून दुव्यावरचा विलंब मोजून, दहा सेकंदांची सरासरी काढून मार्ग ठरवत. भार हलका असताना उत्तम चाले. भार वाढला की सगळे एकदम मोकळ्या वाटेवर लोटत, ती तुंबली की पुन्हा एकदम जुन्या वाटेवर. मॅपवर द्रुतगती मार्ग लाल दिसला की सगळ्या गाड्या जुन्या महामार्गावर वळतात आणि खंडाळ्यात दोन्ही तुंबतात, तसेच. १९८७ मध्ये तिथे मोजमापाला वेसण घातली : दुव्याची किंमत एका झटक्यात किती वाढू शकते यावर मर्यादा, आणि जुन्या मापाचा थोडा वजनदार हिस्सा. धडा एवढाच की गर्दीनुसार वळण हवे, पण सगळ्यांना एकदम नको. दोन वाटा असतील तर भार ठरावीक प्रमाणात वाटून ठेवावा आणि प्रमाण हळूहळू सरकवावे. दोन वाटा म्हणजे खरोखर दोन. एकाच चरातून गेलेल्या दोन फायबर एका जेसीबीला एकच असतात.

टॉवरच नको, फोनने फोनला डेटा द्यावा, अशीही एक कल्पना दर आपत्तीनंतर वर येते. हाँगकाँगच्या २०१९ च्या आंदोलनात ब्लूटूथवरच्या अशा अॅपचा बराच गवगवा झाला. शे-दोनशे माणसांत, मजकुरापुरते हे चालते. लाखांच्या गर्दीत का चालत नाही, याचा हिशेब गुप्ता आणि कुमार या संशोधकांनी २००० मध्येच मांडला : अशा जाळ्यात माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग साधारण संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, किंबहुना त्याहून थोडा अधिकच, घटतो. कारण प्रत्येक फोनचा बहुतेक वेळ दुसऱ्यांची ओझी वाहण्यात जातो. आणि गर्दी-तुटीची गल्लत इथे उलट्या दिशेने होते. एओडीव्ही हा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला या क्षेत्रातला नावाजलेला प्रोटोकॉल, म्हणजे नियमावली, घ्या. त्यात शेजारी दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणतो आणि दोन हाका चुकल्या की दुवा तुटला असे धरतात. पण गर्दीत हाकाच टकरून हरवतात. शेजारी जागेवर उभा असतो, प्रोटोकॉल त्याला गेला म्हणतो, मार्ग रद्द करतो आणि नवी वाट शोधायला साऱ्या जाळ्यात दवंडी पिटतो. ती दवंडी प्रत्येक फोन पुढे पिटतो. गर्दी आणखी वाढते, आणखी हाका हरवतात. टीसीपी तुटीला गर्दी समजते, एओडीव्ही गर्दीला तूट.

यावर उपाय आहेत, आणि ते पोलिस-स्वयंसेवकांच्या छोट्या, आखीव जाळ्याला जरूर वापरावेत. दवंडी आधी जवळच्या एका टप्प्यापुरती (एका फोनवरून शेजारच्या फोनवर), मग तीन, मग पाच अशी वाढवत न्यावी. तीच हाक आजूबाजूच्या तीन-चार जणांकडून ऐकू आली असेल तर आपण पुन्हा देऊ नये. मार्ग निवडताना कमी टप्पे बघू नयेत, कारण कमी टप्प्यांची वाट म्हणजे लांब लांब उड्या आणि लांब उडी म्हणजे कमकुवत दुवा. पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावे लागते ते बघावे आणि त्यात शेजाऱ्याच्या रांगेची लांबी मिळवावी. एकाच रेडिओवर सरळ साखळी केली तर तीन-चार टप्प्यांनंतर वेग एक चतुर्थांशाच्या वर जात नाही, प्रत्यक्षात त्याहून खाली. म्हणून वॉकीटॉकीला पर्याय म्हणून ठीक, जनतेच्या नेटला पर्याय म्हणून नाही.

आता मुद्दा धोरणाचा. ट्राय या दूरसंचार नियामकाचे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले सेवा-गुणवत्तेचे नियम विलंब आणि पॅकेट-गळती मोजायला सांगतात, हे चांगलेच आहे. पण कंपनी निकषात बसली की नाही हे ठरते ते बहुतांशी अख्ख्या परवाना क्षेत्राच्या आणि महिन्याच्या हिशेबाने. आपले परवाना क्षेत्र म्हणजे मुंबई वगळून सारा महाराष्ट्र, अधिक गोवा. गडचिरोलीपासून काणकोणपर्यंतच्या सरासरीत पंचवटीचा एक घाट कुठे दिसणार? बरे, सरासरी त्या एका सेलचीच काढली तरी भागत नाही. महिन्याचे ७२० तास धरले आणि स्नानाच्या दिवशी सेल सहा तास निकामी राहिला, तर प्रमाण एक टक्काही भरत नाही. ज्या सहा तासांसाठी सगळा खटाटोप, ते हिशेबात चिल्लर ठरतात.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. टॉवरची यंत्रे दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहून ठेवतातच : किती टक्के खंड भरले, दार ठोठावणाऱ्यांपैकी किती आत आले, पॅकेट रांगेत किती थांबले, मागच्या दुव्याची क्षमता तेव्हा किती होती. मेळ्याच्या हद्दीतल्या प्रत्येक सेलचे हे चार आकडे स्नानानंतर आठवडाभरात जाहीर करण्याची अट परवानगीतच घालावी. व्यापारी गुपित, हे उत्तर येईल. घाटावरची चेंगराचेंगरी रोखण्याची यंत्रणा ज्या नेटवर उभी आहे, त्याच्या सहा तासांच्या आकड्यांना गुपित म्हणणे पटणारे नाही. आणि वेग तपासायचा तर भार टाकून तपासावा. पहाटे तीनला रिकाम्या घाटावर काढलेला वेग म्हणजे रिकाम्या लोकलमध्ये मोजलेली बसायची जागा.

रांगेचे व्यवस्थापनही अटीत यावे. कॅथलीन निकोल्स आणि १९८८ चा उपाय मांडणारे तेच जेकबसन यांनी २०१२ मध्ये सुचवलेली कोडेल ही पद्धत रांग किती लांब आहे ते बघत नाही, पॅकेट किती वेळ थांबले ते बघते. सलग १०० मिलिसेकंद थांबणे ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिले की ती एखादे पॅकेट मुद्दाम टाकून देते, म्हणजे पाठवणाऱ्याला वेळेत इशारा मिळतो. ताटलीमागच्या राउटरवर ती जशीच्या तशी बसते. हवेतल्या दुव्यावर वेग मिलिसेकंदागणिक बदलतो, तिथे आकडे सैल करावे लागतात, नाहीतर विनाकारण फेकाफेक होते.

सर्वांत अवघड प्रश्न कुणाला थांबवायचे हा, आणि नेमका तोच कुणी उघडपणे विचारत नाही. गर्दीत काही ना काही थांबणारच; ठरवून नाही थांबवले तर नशिबाने थांबते. २०११ च्या भूकंपानंतर जपानच्या कंपन्यांनी ७० ते ९५ टक्के व्हॉइस कॉल रोखले आणि डेटावरचा निर्बंध ३० टक्क्यांच्या आत ठेवला, म्हणून मेसेज जात राहिले. ४जीमध्ये यासाठी दारातच सोय आहे. टॉवर जाहीर करतो की इतक्या टक्क्यांनीच आत यावे, बाकीच्यांनी ४ ते ५१२ सेकंदांपैकी ठरवून दिलेला काळ थांबावे. सुरक्षा आणि तातडीच्या सेवांच्या सिमकार्डांना वेगळे वर्ग देता येतात, त्यांना या अडसरातून वगळता येते. हे वर्ग कुणाला दिले आणि अडसर कोणत्या टप्प्याला लागणार, हे आधी छापले पाहिजे. नाहीतर पोलिसांसाठी राखलेली वाट व्हीआयपींच्या ताफ्यांनी भरते, ते आपल्याला नवीन नाही. ठरावीक अॅपला झुकते माप मात्र नको. २०१८ च्या नेट-समानतेच्या धोरणात वाजवी व्यवस्थापनाला जागा आहे, एखाद्या कंपनीच्या अॅपला मोकळा रस्ता देण्याला नाही. सर्वांना सारखे सांगायचे असेल, घाट भरला, दुसऱ्या मार्गाने जा, तर त्यासाठी सेल ब्रॉडकास्ट आहे. २०२३ च्या चाचण्यांत सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले ते त्यानेच. एक संदेश एकदाच हवेत जातो, ऐकणारे शंभर असोत की लाख. लाख एसएमएस पाठवले तर लाखांची रांग लागते, आणि त्यात अॅपचा दुवा दिला तर लाख जण तो एकदम उघडतात.

तालमीसाठी वेगळा मुहूर्त शोधायला नको. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला त्र्यंबकला लाखो माणसे येतात. पाऊस असतो, धुके असते, डोंगर असतो, कुशावर्तापाशी दाटी असते. सिंहस्थाच्या नेटवर्कला जे सोसायचे आहे ते सगळे एका रात्रीत. त्या रात्री प्रत्येक कंपनीच्या सेलचे पंधरा मिनिटांचे आकडे काढावेत, मध्यरात्रीनंतर एक ताटली मुद्दाम चौथाई क्षमतेवर आणून डेटा फायबरकडे वळतो का ते पाहावे, एका सेलला ५० टक्क्यांचा अडसर लावून १०८ चा कॉल किती सेकंदांत लागतो ते मोजावे. मंगळवारी सकाळी रांग कोणत्या ठिकाणी लागली ते समोर असेल. टॉवर कुठे हवेत, किती उंचीवर, आणि हवेत की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.